पाणी चोरल्याचा आळ

४ फेब्रु.
आई विहारात गेलीय, तेवढ्यात बोलून घेतो. बोटं चालत नाहीत, मी बोलतो ते फोनच लिहून घेतो. घरात कुणी असलं की शिवीसुद्धा देता येत नाही. मानेचा मणका मोडल्यापासून दिवसा लघवी जेमतेम, रात्री मात्र थांबता थांबत नाही. बायको, सुनीता, सारखी उठून लघवीची नळी घालते आणि पहाटे बिडकीनच्या कंपनीची बस पकडते. काल तिला मशीनवर डुलकी लागली. पुन्हा दिसलं तर घरी बसा, म्हणाला सुपरवायझर. आईचा उपाय: दिवस मावळला की मला पाणी बंद. वरणसुद्धा नाही, कोरडी भाकरी.

९ फेब्रु.
घशाला कोरड, रात्री लघवीचं भांडं तरी भरतंच. आई म्हणते, "चोरून पितूस का रं?" ज्याला तांब्या उचलता येत नाही त्याच्यावर पाणीचोरीचा आळ! मग संशय बायकोवर. सून गुपचूप पाजते म्हणे. सुनीता भांडं ओतायला निघून गेली. त्या निघून जाण्याचाच जास्त संताप आला.

१५ फेब्रु.
ताप. लघवीत जंतू, पाणी तोडल्यामुळं. डॉ. बाई आईवर चिडल्या, बरं वाटलं. म्हणाल्या, रात्री लघवी कमी बनवा असं मूत्रपिंडांना सांगणारं एक हार्मोन असतं. मानेच्या दुखापतीनंतर ते रात्री वाढत नाही. शिवाय दिवसभर खुर्चीत बसून पायांत साठलेलं पाणी आडवं झालं की बाहेर पडतं. गोळी आहे, पण तिनं रक्तातलं मीठ उतरू शकतं, म्हणून आधी तपासणी. तोवर दुपारी पाय उंच करून पडायचं. इतके डॉक्टर झाले, एकाच्याही तोंडून हे निघालं नव्हतं.

पण दुपारी माझी शिकवणी. दहावीच्या पोरांपुढं आडवा पडून शिकवू? जमणार नाही. साफ सांगितलं. सुनीतानं पायाखाली ठेवायला आणलेल्या उशा परत नेल्या.

१८ फेब्रु.
सुनीता सोयगावला, माहेरी. रजा टाकून. भांडण नाही काही. "मला नुसतं झोपायचंय वो," एवढंच म्हणाली. आता नळी आई घालते. ती माझ्याकडं बघत नाही, मी छताकडं बघतो. पाणीही स्वतःच्या हातानं पाजते. म्हटलं, सुनेला फोन कर, चुकलं म्हण. "मी काय वाईटासाठी केलं व्हय?" वर हे.

२३ फेब्रु.
पडलो शेवटी. उशांवर पाय, तोंडानं समरूप त्रिकोण. पोरं हसली नाहीत, त्याचाही राग आला. रात्रीचं उठणं थोडं कमी झालंय, आई सांगते.

संध्याकाळी सुनीताचा फोन. झोप झाली का, विचारलं.
"कशाची झोप? नळीची वेळ झाली की डोळे आपोआप उघडतेत."
तिथं झोप नाही, इथं तर नाहीच. ये म्हणू की नको म्हणू?