उजेडाने व्हँपायर मरत नाही

प्रिय शौनक,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. मोबाईलवरच लिहिणार होते, पण हल्ली संध्याकाळी माझा फोन बाबांकडे असतो. 'हवामान बघतो' म्हणतात आणि तू मला पाठवलेले फोटो मोठे करकरून बघतात. परवा तुझ्या गॅलरीतल्या वाळक्या तुळशीवर बोट ठेवून म्हणाले, "हेमांगी, घोडबंदरला हवा फार कोरडी आहे." म्हणून हे कागदावर लिहून नयनच्या हाती पाठवते आहे.

आधी कामाचं. तुझ्या खेळातला एक नियम अडलाय आणि तो तूच सोडवू शकतोस. हो, तुझा तो एकेकाने पात्र होऊन फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ इथे चालू आहे, आपल्याच हॉलमध्ये, दर रविवारी. तुला मी सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर तू बँकेची नोकरी सोडून त्या खेळ बनवणाऱ्या कंपनीत गेलास, बाबा म्हणाले, "भुताखेतांवर घर चालतं का?", तू म्हणालास, "तुमच्या कोर्टाच्या तारखांपेक्षा बरं चालेल", आणि बॅग भरलीस. त्यानंतरच्या रविवारी बेल वाजली. दारात तुझे दोघे दोस्त, नील आणि नयन, हातात फाशांची थैली. नील चाचरत म्हणाला, "काकू, शौनक नाहीये ते माहितीये. पण..." नयन सरळ म्हणाला, "काकू, वडं हायेत का?" वडे होते. रविवारचा साबुदाणा मी सवयीने भिजवलेलाच होता. मग नकाशाही टेबलावर पसरला गेला. तुझ्या जागी खेळ चालवायला नील बसला. कल्पिता बंगळुरूला गेल्यामुळे तिची खुर्ची रिकामी होती. वडे ठेवायला म्हणून मी तिथे टेकले, ती अजून उठलेली नाही.

खेळात मी सूर्यदेवाची पुजारीण आहे. नाव हौसाबाई. नील म्हणाला, एवढ्या परक्या दुनियेत असं नाव कसं चालेल? मी म्हटलं, नऊवारी नेसून गदा फिरवणाऱ्या बाईला दुसरं कुठलं शोभेल सांग. नयन तलवारवाला आहे. मानपाड्याच्या त्यांच्या जमिनींवर एवढे टॉवर उभे राहिलेत, पण खेळातली एक भुयारी खोली मिळाली तरी आधी विचारतो, "चटई एरिया किती?"

तर खेळातल्या गावात व्हँपायर शिरला. मी बिनधास्त होते. माझ्याकडे उजेडाचा मंत्र होता ना. खड्यावर टाकायचा, खडा दिव्यासारखा पेटतो. माझी समजूत अशी की उजेड म्हणजे उजेड, व्हँपायर म्हणजे अंधारातला प्राणी, लागला दिवा की झाली राख. मी मोठ्या दिमाखात मंत्र टाकला. नील म्हणाला, "काकू, तो डोळे किलकिले करतो आणि तुमचे आभार मानतो. त्याला चष्मा सापडत नव्हता." मी चिडलेच. मग त्याने समजावलं की व्हँपायरला जाळतं ते ऊन. दिवा, मशाल, टॉर्च, जादूचा खडा, यातल्या कशाने त्याचा केससुद्धा करपत नाही. नुसता स्पष्ट दिसतो. मी म्हटलं, एवढं तर आपल्या वीज मंडळालाही जमतं, मग पुजारीण कशाला झाले मी?

आता बाबांचं ऐक. नील व्हँपायरचा आवाज काढायचा तो वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा. कोणी घाबरेना. एकदा आतल्या खोलीतून पेपरामागून आवाज आला, "चारशे वर्षं जगलेला माणूस 'हाय गाइज' म्हणेल का रे?" आणि मग त्यांनीच ते वाक्य म्हणून दाखवलं. कोर्टात उलटतपासणीला लावतात ना, तो आवाज. "बसा. घाई काय आहे? आपल्यापैकी एकाला भरपूर वेळ आहे." नयनच्या हातातला वडा चटणीत पडला. त्या दिवसापासून व्हँपायर बाबा आहेत. त्याचं नीलने ठेवलेलं परदेशी नाव त्यांनी पहिल्याच बैठकीत रद्द केलं. आता तो सरदार हरिहरराव आहे.

पण तुझ्यासमोर त्यांनी शपथ घेतली होती ना, की या खेळात मी पाऊल टाकणार नाही? ती पाळतात. खुर्ची आतल्या खोलीत, अगदी उंबऱ्याला टेकवून ठेवतात. पाय आत, आवाज बाहेर. फासा टाकायचा असला की हात लांबवतात. मी म्हटलं, अहो, या ना बाहेर. तर म्हणाले, "शपथ पावलांची आहे, हातांची नाही." तुझं नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांनी वाचून काढलंय. त्याला खाकी कव्हर घातलंय, तू चौथीत असताना घालायचे तसं, कोपरे दुमडून.

त्यातूनच भांडण उभं राहिलं. दरम्यान मला वरचा मंत्र मिळाला, 'दिवसउजेड'. प्रकाशाचा केवढा तरी गोळा उगवतो, भर दुपारसारखा. मला वाटलं, आता हरिहरराव गेले. बाबांनी खाकी पुस्तक उघडलं. म्हणाले, "मंत्राच्या वर्णनात 'तेजस्वी प्रकाश' असं आहे. 'सूर्यप्रकाश' हा शब्द कुठे आहे, दाखवा. नाव दिवसाचं असलं म्हणून तो दिवस होत नाही. आपल्या सोसायटीचं नाव 'सागरदर्शन' आहे. दिसतो का सागर?" मी म्हटलं, मी सूर्याची पुजारीण आहे, माझा उजेड सूर्याकडूनच येणार, शेजारच्यांकडून नाही. नयन म्हणाला, "काका, तुमाला जलाचं नाय म्हनून पुस्तक काडताव." नीलने हात टेकले. ही दुनिया शौनकने रचलीय, त्यालाच विचारू, म्हणाला. मग बाबा पुस्तक मिटून म्हणाले, "न्यायाधीश रजेवर आहेत. पुढची तारीख घ्या." आणि पाणी प्यायला आत गेले. पाण्याचा तांब्या बाहेर होता.

अशा तारखा पडत राहिल्या. त्यात तू आपल्या 'आठल्ये परिवार' ग्रुपवर टाकलंस, येत्या रविवारी नव्या फ्लॅटवर सगळे जेवायला या, लोकेशन पाठवतोय. मामाने अंगठ्याचं चित्र टाकलं, काकूने केकचं. बाबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. म्हणाले, "मी लोकेशनवर जात नाही, घरी जातो. घरी मला कोणी बोलावलेलं नाही." मी म्हटलं, 'सगळे' मध्ये तुम्ही येता. तर म्हणाले, "सगळे म्हणजे कोण, हे स्पष्ट केलेलं नाही." तू ग्रुपवर सहज टाकलंस हे मला कळतं रे, तुमच्या पिढीला ते आमंत्रणच वाटतं. पण याच माणसाने तुझ्या मुंजीला सख्ख्या भावाकडेसुद्धा अक्षत घेऊन जाऊन बोलावलं होतं. आणि त्याच माणसाने या आठवड्यात निळा शर्ट इस्त्रीला दिला. नयनला उगाच विचारलं, "रविवारी दुपारी माजिवड्याला ट्रॅफिक असतो का रे? नाही, एका अशिलाला जायचंय."

आता गेल्या रविवारचं. हरिहरराव खेळातल्या आमच्या मुक्कामाच्या घराच्या दाराशी येऊन उभे. अंधार. मी म्हटलं, मोठा मंत्र वादात आहे तर राहू दे, मी आपला साधा खड्याचा उजेड करते, निदान कुठे उभाय ते तरी दिसेल. खेळ रंगावा म्हणून मी मोबाईलची टॉर्च लावून स्टीलच्या पेल्यात उभी केली. पेला उजळला आणि माझे हात आपोआप जोडले गेले. तुला माहितीये ना आपल्याकडचं, तिन्हीसांजेला ट्यूबलाइट लागली तरी आपण तिला नमस्कार करतो. मी मान वर केली तर उंबऱ्यापलीकडे बाबांचेही हात जोडलेले.

नील ओरडला, "काका! व्हँपायर उजेडाला नमस्कार करत नाही!"

बाबा ओशाळले, पण वकील ते. "का नाही? दिवा लागला की करायचा. चारशे वर्षांपूर्वी त्यालाही आईने शिकवलं असेल." नयन एवढा हसला की फासे खाली सांडले. नीलने कपाळाला हात लावला आणि खेळ सावरायला म्हणून विचारलं, "बरं. पेटला नाही, हे ठरलं. मग या उजेडात हौसाबाईला काय दिसतं ते तरी सांगा."

मला वाटलं, सुळे, काळा झगा, लाल डोळे वगैरे सांगतील. बाबा पेल्याकडे बघत राहिले. मग हरिहररावांच्या आवाजात सुरुवात केली, पण वाक्य संपेपर्यंत तो आवाज त्यांचाच झाला होता. म्हणाले, "वयस्कर गृहस्थ आहे. चांगले कपडे घालून आलाय. बराच वेळ दाराशी उभा आहे." नयनने विचारलं, "मंग आत का नाय येत?" बाबा म्हणाले, "नियम आहे. घरातल्याने बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही."

नयनने एक वडा बशीत घालून उंबऱ्यावर नेऊन ठेवला. बाबांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "तिखट कमी आहे."

तर शौनक, 'दिवसउजेड'चं काय ते तुझ्या सवडीने कळव. त्यासाठी मी चार कागद भरले नाहीत. तुझ्या त्या पुस्तकातला दुसराच नियम मला महत्त्वाचा वाटतो, आणि तो तुझ्या बाबांना तोंडपाठ आहे. शनिवारच्या आत त्यांना फोन कर. ग्रुपवर नको, माझ्या फोनवर नको, त्यांच्या. बँकेचं बोलू नकोस, दिवाळीचं काढू नकोस, लोकेशन तर मुळीच पाठवू नकोस. नुसतं म्हण, 'बाबा, घरी या.' ते आधी डायरी बघतो म्हणतील. बघू दे. निळा शर्ट इस्त्री होऊन आलाय, कपाटाच्या दारालाच लटकतोय. भर दुपारच्या उन्हातून आणीन त्यांना. जळणार नाहीत, याची हमी सूर्यदेवाच्या पुजारणीची.

आणि तुळशीला पाणी घाल. आल्या आल्या ते आधी गॅलरीत जातील.

तुझीच,
आई