विहारापुढची वाळू

४ मार्च

कुरडया पुन्हा काळ्या! सकाळी सुनेनं, भावनानं, धुतल्या पातळावर घातल्या. दुपारी बोट फिरवलं तर नुसती काजळी. कारखान्याची धूळ. "मामा, अशाच तळू, लोखंड अंगी लागंल," म्हणाली. हसलो. हसू नको तर काय करू?

६ मार्च

बंदरावरून भंगाराचे नवे कंटेनर आले. भावना तिथं भंगार निवडते, माझा लेक संघपाल तिथंच भट्टीवर. ह्या खेपेला म्हणे मोडकी दारं, खाटांचे पाय, रणगाड्याची साखळी. टीव्हीवर जी लढाई दाखवतात तिकडचं. कशावरून, विचारलं. "मामा, दारांतून पीठ चाळावं इतकी भोकं हायेत."

कुणाच्या दाराचं लोखंड कुणाच्या घरात!

९ मार्च

भावनाला भंगारात तोफेचा गोळा सापडला. मक्याच्या कणसाएवढा, तोंड बंद, जड. मुकादमाला दाखवला तर तो म्हणे, "बंदरावर तपासणी झाल्याचा सरकारी कागद हाय. बाजूला काढशील तर आजचा रोज कापीन. टाक भट्टीत!"

असलं बंद नळकांडं भट्टीत फुटतं, अन् उकळतं लोखंड माणसांवर येतं. भट्टीच्या तोंडाशी कोण? माझा संघपाल.

मंग टाकलास का, विचारलं. भाकरी थापत राह्यली. "न्हाई टाकला," एवढंच. लोटला असेल कुठं कोपऱ्यात.

१० मार्च

विहाराच्या स्लॅबची वाळू पडली. सळई कारखान्यानं फुकट दिली. शेजारचा रहमतुल्ला लोहार ओट्यावर येऊन म्हणतो, "कडूबाभाई, तोफेचं लोखंड अन् बुद्धाचं छत! बराबर हिसाब झाला." मलाही बरं वाटलं. जयंतीच्या आत स्लॅब झाला पाहिजे.

१५ मार्च

भावना रोज कामावरून आली की आधी विहारापुढं जाते. वाळूजवळ टेकते, हात जोडते, मंग घरी. श्रद्धा वाढली म्हटलं पोरीची!

आज मात्र अक्षताला, आमच्या नातीला, वाळूत खोपा करताना पाहिलं अन् धपाटा घातला. कधी हात न उचलणारी बाई! पोर रडून झोपली. आईही जेवली न्हाई. ह्या घरात काहीतरी शिजतंय अन् मला वास येत न्हाई.

१९ मार्च

दुसऱ्या भट्टीसाठी जनसुनावणी. मंडप, कूलर, थंड पाण्याच्या बाटल्या. कारखान्याचे साहेब म्हणाले, भंगार वितळवणं ही पर्यावरणाची सेवाच, नवी खाण खोदावी लागत नाही. टाळ्या!

मी उठलो. कुरडयांचं सांगितलं, गोळ्याचं सांगितलं. भावनाचं नाव न्हाई घेतलं. साहेब गोड बोलले, "आजोबा, एक तरी आणून दाखवा. इतक्या दिवसांत भट्टीत एक फटाका तरी वाजला का?"

मंडप हसला. खरंच वाजला नव्हता. खाली बसलो.

बाहेर मुकादम म्हणे, "आजोबा, टीव्ही कमी पाहत जा." घरी संघपाल तापला. "आबा, सळई परत नेली तर स्लॅब काय तुमच्या भाषणावर टाकायचा?" भावना बायांच्या रांगेत होती. सगळा वेळ मान खाली.

२१ मार्च

उद्या स्लॅब. भावना म्हणे, "मामा, पुढं ढकला." का? अगं, पाणी मारायला मी बसतो म्हटलं. उठून विहाराकडं गेली.

२२ मार्च

सकाळी मिक्सर आला तशी भावनानं माझे पाय धरले. गोळे वाळूत हायेत! एक न्हाई, सापडला तेवढा प्रत्येक. ओटीशी बांधून आणला, गेटवरचा वॉचमन बायांची झडती घेत न्हाई. "तिथं ठेवायला जागा न्हाई, मामा. अन् भट्टीत टाकते तर हे गेले असते." आडोशाची जागा म्हणून वाळूत पुरले. म्हणूनच भट्टीत फटाका वाजला न्हाई!

ओटीशी. लेकराची जागा ती.

मजूर परत पाठवले. अक्षताला रहमतुल्लाच्या घरी सोडलं. पोलिसांना मीच फोन केला. नाल्यात सापडले, मी आणले, असं सांगणार. म्हातारं हाड, काय करतील? पण मंग कारखाना सुटला! अन् कारखान्याचं नाव घ्यावं तर पोर अडकते. इकडं आड, तिकडं विहीर.

जीप आली. मी तोंड उघडायच्या आत भावना पुढं झाली. "मी आणले. कारखान्यातून. खोटं बोलणं आमच्या मामांना जमत न्हाई."

घेऊन गेले.

२३ मार्च

गोळे बाहेरून आले, आमच्या मालातले नव्हेतच, असं कारखाना म्हणतो. वर भावनावर लोखंडचोरीची तक्रार! गोळे आमचे नव्हेत, पण चोरी आमच्या मालाची! संघपाल गुमान कामावर आला तर तक्रार मागं घेऊ म्हणाले.

संघपाल गेला. भट्टी चालू हाय. निवडायला आज भावना न्हाई.