कोनाड्यात सापडलं म्हणे

सोलापूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. जगदेवी हीस अण्णाचे अनेक आशीर्वाद व शरणार्थ.

घरात फोन असताना म्हातारा पत्र का खरडतोय म्हणून हसशील. हस. पण फोनवर बोललेलं तुझ्याआधी ठाण्यात पोचतं, असा मला दाट संशय आहे.

तुझ्या लेकाचा, गुरुशांतचा, कान ठणकायचा थांबलाय, पण डावीकडून हाक मारली तर वळत नाही. सात रस्ता चौकात फळांचा गाडा लावला एवढ्यावरून फौजदारानं त्याला ठाण्यात नेऊन बडवलं, आणि आता लेखी देतात की हा मुलगा ठाण्यात आलाच नव्हता. कॅमेरा म्हणे त्या दिवशी बंद. मग कोठडीत घालताना गळ्यातलं इष्टलिंग काढून घेतलं, ते काय उडून गेलं? ते ठाण्यात असेल तर पोरगाही ठाण्यात होता. वकीलबाई महेश्वरी यांनी पोलीस तक्रार प्राधिकरणापुढं हाच मुद्दा धरलाय. पुण्यात वीस तारखेला सुनावणी आहे. लिंगपूजा नाही म्हणून पोरगा अन्नाला शिवत नाही, चहा-केळ्यांवर आहे.

तुझा चुलत दीर धोंडप्पा त्याच ठाण्यात हवालदार. काल आला, लई गोड बोलला. आणलं काय, तर संत्री! फळवाल्याच्या घरी! तुझ्याकडं आला तर चहा दे, सही देऊ नको.

उत्तर लवकर धाड, आणि या म्हाताऱ्या बापावरची माया आटू देऊ नको.

चनमल्लप्पा अण्णा

अक्कलकोट, ६ फेब्रुवारी

ती. अण्णांस जगदेवीचा सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं, पण उशीर झाला. धोंडप्पा भावजी परवाच येऊन गेले. रुमालात लिंग होतं, चांदीच्या डबीसकट. म्हणाले, वैनी, ठाण्यातल्या खणात बिनपूजेचं पडलेलं बघवेना, मी बी लिंग बांधणारा माणूस हाय की. मी रडले. मग त्यांनी कागद काढला, नुसती पोच म्हणाले. मी न वाचताच सही केली. ते घडी घालत असताना आमच्या लेकीनं, दानेश्वरीनं वाचलं. लिंग आमच्याच घरी, देवाच्या कोनाड्यात सापडलं, असं त्यात लिहिलंय.

लेकराच्या पोटापायी लेकराचाच गळा कापला. रागवा, पण अबोला धरू नका.

जगदेवी

सोलापूर, ९ फेब्रुवारी

चि. जगदेवीस आशीर्वाद.

रागावलो. तासभर. मग चहा घेतला. बिनपूजेचं लिंग समोर दिसल्यावर कुठली आई कागद वाचत बसेल? हे धोंडप्पाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तो माझ्याकडं न देता तुझ्याकडं आला.

वकीलबाई म्हणतात, केलेली सही पुसता येत नाही, पण सही करणारीला उभं राहून खरं सांगता येतं. एकोणीसला दोघी इकडं या, मग पुण्याला जाऊ. लिंग कुणाच्या हातात देऊ नको. गुरु म्हणतो, आईनं आणलं की जेवीन.

दिराविरुद्ध बोलायचं आहे. सासरचे तोंड फिरवतील. झेपणार नसेल तर तसं कळव. मी आहे तसाच तुझा राहीन.

अण्णा

अक्कलकोट, १७ फेब्रुवारी

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

तुमच्या पाकिटाला डिंक दोनदा लावलेला दिसला. कोण लावतं ते देवाला ठाऊक.

काल भावजी आले. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, दानेश्वरीसाठी स्थळ आहे म्हणाले. चपला घालता घालता विचारलं, वैनी, एकोणीसला कुठल्या गाडीनं? अण्णा, मी जाणार हे मी कुणालाच सांगितलं न्हाय. दहाचीच एसटी धरा म्हणाले. स्टँडवर पोचवायला येतो म्हणाले. हे गेले तेव्हा ह्यांना शेवटचं पोचवायला ज्याला सुट्टी मिळाली नव्हती, तो माझी पिशवी उचलणार!

तेव्हा आम्ही आजच निघतोय. हे पत्र वकीलबाईंच्या पत्त्यावर रजिस्टर करते. आमच्या आधी हेच पोचलं, तर पुण्यात मोठ्यांदा वाचून दाखवा:

माझ्या मुलाचं इष्टलिंग कोनाड्यात सापडलं नाही. हवालदार धोंडप्पांनी ते ठाण्यातल्या खणातून काढून मला आणून दिलं. हे मी स्वतः लिहिलं, दोनदा वाचलं, मग सही केली.

जगदेवी
साक्षीला दानेश्वरी