धूर दिसला नाही तर घर तोआदेरकाकांचं

मी, आर्सेनिए टिवादार, वय सव्वीस, मूळ राहणार मारामुरेशच्या डोंगरातलं वालेया कोर्बा हे गाव, सध्या पोटासाठी बेल्जियममधल्या लिएज शहरात लोकांच्या छपरांवर कौलं बसवणारा, माझ्या मागे काय व्हावं ते राजीखुशीनं लिहून ठेवतो. पूर्ण शुद्धीत आहे. रविवार असूनही प्यालेलो नाही, याला साक्षीदार आहेत. शाळा लवकर सुटली, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये.

मरायची घाई नाही. पण मागच्या आठवड्यात माझ्या खोलीत राहणारा लाझार ओल्या कौलावरून घसरला आणि कमरेच्या दोरावर लोंबकळत राहिला. आम्ही त्याला वर ओढला. मला वाटलं, देवाचं नाव घेईल. तो म्हणाला, "च्यायला, गावी एवढं न्हाणीघर बांधलं, एकदासुद्धा अंघोळ नाही केली." सगळे हसले, मीही हसलो. मग माझं हसू आपोआप थांबलं, कारण माझ्या घरात तीन न्हाणीघरं आहेत.

कलम पहिलं, घर. तीन मजले, गॅलरीला चकचकीत कठडे, फाटकाशी सिमेंटचे दोन सिंह. माझं दोन मजल्यांवर भागलं होतं. पण शेजारच्या तोआदेरकाकांनी त्यांच्या घरावर एक खोली चढवली आणि कुंपणावरून आईला म्हणाले, "पाराश्का, आता तुझ्या गॅलरीत काय वाळत घातलंय ते मला दिसतं हं." त्या वर्षी मी सुट्टीला घरी आलो नाही, तिसरा मजला आला. काकांना आता आमची गॅलरी दिसत नाही. सूर्यही उशिरा दिसतो, असं ऐकतो.

या घरात कोणी राहत नाही. आई राहते मागच्या अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात. तिथं एक चूल, एक बाकडं, आणि दाराखालून येणारा वारा. मोठं घर ती दर शनिवारी पुसते, सोफ्यावरचं प्लास्टिक सारखं करते आणि चपला हातात घेऊन बाहेर येते. हे आमच्याच घरी आहे असं नाही. लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून गावात घरं वाढली आणि माणसं घटली. ऑगस्टात लग्नं लागतात तेव्हा सगळ्या गॅलऱ्यांत दिवे असतात. मग आम्ही पोरं परत निघतो आणि सगळ्या म्हाताऱ्या मागच्या स्वयंपाकघरात जातात. पोरं इथं परत येतील असं काही गावात उरलेलं नाही, हे मलाही दिसतं. म्हणून तर घर कोणासाठी, हे आत्ताच लिहितो.

मागच्या नाताळात मी वर मऊ पलंगावर झोपून सकाळी खाली गेलो, तर आई बाकड्यावर, अंगावर बाबांचा मेंढीच्या कातड्याचा कोट, खोकत होती. म्हटलं, "आई, आता तरी आत राहायला ये."

"ते तुझ्या बायकोसाठी आहे. मी आत चूल पेटवली तर भिंती काळ्या होतील."

"अगं, बायको कुठंय?"

"तेच तर मी विचारतेय," म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी मक्याचं घट्ट पिठलं वाढलं.

तर असं ठरवतो. घर आईचं. अट एकच. डिसेंबरातल्या संत निकोलाच्या सणाआधी मोठ्या घराच्या धुराड्यातून धूर निघाला पाहिजे आणि बर्फ वितळेपर्यंत रोज निघत राहिला पाहिजे. नाही निघाला, तर तिन्ही मजले, तिन्ही न्हाणीघरं आणि दोन्ही सिंह तोआदेरकाकांना. ही अट मी जिवंत असतानाही लागू आहे. असं चालत नाही म्हणून वकील सांगेल, म्हणून वकिलाला विचारलंच नाही.

आई, मी तुला ओळखतो. माझ्यासाठी तू आत जाणार नाहीस. तोआदेरकाका तुझ्या गरम पाण्यात बसून शीळ घालताहेत, एवढं फक्त डोळ्यांपुढे आण.

कलम दुसरं. धूर निघतो की नाही हे बघायला तोआदेरकाकांनाच नेमतो. आमच्या घरावर ते कधीपासून फुकट नजर ठेवून आहेत, आता रीतसर ठेवतील. घराच्या लोभानं खोटं बोलतील, असं लाझार म्हणतो. नाही बोलणार. मागच्या हिवाळ्यात आईच्या दारापुढचा बर्फ रोज कोणीतरी काढत होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, "वाऱ्यानं उडाला असेल." फावड्याच्या खुणा सोडणारा वारा मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

कलम तिसरं. गाव्रिलमामांनी या घराची खाणावळ काढायची ठरवून पाटीसुद्धा रंगवून ठेवलीय. मामा, ती पाटी तुमच्या गोठ्यावर लावा, डुकरं पाहुणचाराला नाही म्हणत नाहीत. आजोबांचं लाकडी घर ओंडका ओंडका सुटं करून शहरातल्या दाताच्या डॉक्टराला विकायची अक्कलही तुमचीच. तो डॉक्टर त्यात राहतो म्हणे, चूल पेटवून.

कलम चौथं. माझी हातोडी, छपराची शिडी आणि कमरेचा पट्टा लाझारला. पट्टा त्यानं आवळून बांधावा.

कलम पाचवं. लग्नाआधी मेलेल्याला आपल्याकडे नवरदेव करून पुरतात. माझं तसं करायला हरकत नाही. पण नवरी म्हणून अनुत्साला उभी करू नये. तिनं मला दोनदा नाही म्हटलंय, तिसऱ्यांदा तिला मान हलवायला लावू नका. स्वतःहून आली तर मात्र जागा द्या.

शेवटचं कलम. धूर निघाला तर हे मृत्युपत्र रद्द. रद्द करायची रीत अशी: आई, मोठ्या घराच्या चुलीत बारीक काटक्या रच आणि त्यांच्याखाली पहिला हाच कागद घाल. कोरडा आहे, लगेच पेटेल. भिंती काळ्या झाल्या तर मी येऊन रंगवीन.

ठिकाण: लिएज, सहाजणांच्या खोलीतली वरची खाट
तारीख: १५ ऑक्टोबर २०२३

सही: आर्सेनिए टिवादार

साक्षीदार पहिला: लाझार होटिको. अजून जिवंत.

साक्षीदार दुसरा: निकोआरा बिल्त्स, गावाकडे सामान नेणाऱ्या मिनीबसचा चालक. हे पाकीट मीच पोचवणार आहे. आतलं काही वाचलेलं नाही. तोआदेरला फक्त धुराचं सांगेन.