ताजं तेल

देवळाली प्रवरा,
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

प्रिय एंजेला,

पप्पांचा सलाम. प्रभूच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत. मम्मीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण गच्चीवर पापड घालायचं ती काही सोडत नाही. गॅरेजसमोरचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय, गिऱ्हाईक बोळातून येतं.

फोनवर रोज बोलतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी मध्येच विषय बदलतो, तुला माहीत आहे.

तुझा पराक्रम मी गावभर केलाय, हे आधीच सांगून टाकतो. नाशिकहून पुण्याला निघालीस, हवा भरायला हायवेवरच्या गॅरेजात थांबलीस, आणि त्या बहाद्दराने गाडीखाली डोकं घालून सांगितलं, "मॅडम, दोन्ही शॉकॲब्सॉर्बरमधनं तेल गळतंय. वळणावर गाडी उलटंल." दुसरं कोणी असतं तर घाबरून किल्ली हातात दिली असती. माझी लेक वाकली! बोट लावून पाहिलं. खरंच गळत असतं तर धूळ चिकटून काळा थर बसला असता. हे तेल ताजं, स्वच्छ, म्हणजे त्यानेच आत्ता फासलेलं. तू फडक्याने पुसलंस, बॉनेट दाबून सोडलंस, गाडी एकदाच वर आली आणि थांबली, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर धड. मग त्यालाच म्हणालीस, संगमनेरपर्यंत जाते, तेल परत दिसलं तर तुमच्याकडेच येते. संगमनेरला पाहिलंस तर कोरडं ठणठणीत.

सांगताना मी दर वेळी थोडं वाढवतो. परवा पिठाच्या गिरणीत तू त्याची कॉलर धरलीस, इथपर्यंत गेलो होतो.

रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मी उठलोच. प्रभूने माझ्या लेकीला शहाणपण दिलं, तिला कुणी फसवू शकलं नाही, सगळं रंगवून सांगितलं. कॉलर तेवढी वगळली. टाळ्या पडल्या, मम्मीने डोळे पुसले. बाहेर आल्यावर अमृत गुरुजींनी, तुझ्या चौथीच्या, सगळ्यांसमोर माझा हात धरला.

"पोरीला शिकवनारा कोन? ह्यो यशयाच ना! माझी मारुती याच्याकडंच हुती. कधी उगाच एक नट बदलला न्हाई यानं."

मी हसलो. घरी आलो तर जेवण जाईना. मम्मीला वाटलं, मटण खारट झालंय.

एंजेला, संगमनेरहून तू फोन केलास तेव्हा मी विचारलं होतं, ही तेलाची लबाडी तुला कशी ठाऊक? तू म्हणालीस, "तुमच्याच गॅरेजात पाहिलीय, पप्पा." आणि मी तुला तिकडे पाऊस आहे का ते विचारलं.

तू दहा वर्षांची असशील. एका गिऱ्हाइकासाठी मी शॉकॲब्सॉर्बरची जोडी आणली आणि त्याने गाडीच विकून टाकली. दुकानदार जोडी परत घेईना. त्याच आठवड्यात गुरुजींची मारुती ऑइल बदलायला आली. तिचे शॉकॲब्सॉर्बर चांगले होते. मी त्यांना तेल फासलं. तू स्टुलावर पाढे लिहीत होतीस. "पप्पा, तेल का लावताय?" म्हणालीस. गंज चढू नये म्हणून, असं मी सांगितलं. तासाभराने तेच तेल गुरुजींना दाखवून पडून राहिलेली जोडी त्यांच्या गाडीला बसवली. तू समोरच होतीस, आणि पाढे लिहायचे थांबवले होतेस.

असं एकदाच केलं. पण पकडलेला प्रत्येक जण हेच म्हणतो, म्हणून त्याचा फार आधार घेत नाही.

रविवारी संध्याकाळी गुरुजींकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आठरा वरीस मी लोकांना तुझं नाव सांगतोय. त्याचं काय करू आता?" मी पैसे देतो म्हटलं, तर हातानेच नको म्हणून आत निघून गेले. चहासुद्धा विचारला नाही.

सोमवारी मात्र पुतण्याची गाडी घेऊन हजर! ब्रेक वाजत होते. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, काढलेला ब्रेक पॅड हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"खरंच झिजलाय का ह्यो?"

"झिजलाय, गुरुजी. हे बघा, लोखंड लागलंय."

"मग बदल."

तीस वर्षांच्या धंद्यात इतकी कडक परीक्षा मी दिली नव्हती. जाताना म्हणाले, "पुढच्या बारीलाबी असाच बसनार मी." पुढच्या वेळीही येणार आहेत, हे ऐकून मला रडू आलं. तोवर दुसऱ्या गाडीखाली शिरलो होतो म्हणून बरं.

तू हे कधी कुणाजवळ बोलली नाहीस. एवढ्याशा पोरीने बापाची अब्रू सांभाळली, आणि मोठी झाल्यावर तोच डाव दुसऱ्याने टाकला तर त्याला दारातच अडवलं. तुझा अभिमान मला आधीही होता, पण तो बापाचा होता, तो सगळ्यांनाच असतो. आताचा अभिमान एका लबाडी केलेल्या मेकॅनिकचा आहे. तो मला जास्त खरा वाटतो.

मम्मीला उद्या सांगेन. येत्या रविवारी मी साक्षीला पुन्हा उठणार आहे, या वेळी काही रंगवणार नाही. ड्युटी बदलून मिळाली तर ये आणि पहिल्या बाकावर बस. खोटं तुझ्यासमोर बोललो होतो, खरंही तुझ्यासमोरच बोलायचंय.

वाट पाहणारा,
तुझा पप्पा,
यशया मेकॅनिक