यादीतलं नाव लवूचं

हेदवी, शुक्रवार

चि. लवू यास आप्पाचे अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे तिकडे मुंबईला ठीक असाल असं धरून चालतो. माझा गुडघा आहे तसाच आहे (तू विचारलं नाहीस, तरी कळवतो). फोनवर तू "बोल पटकन" म्हणतोस आणि मला पटकन काही आठवत नाही, म्हणून हे पत्र दत्तारामच्या हाती देतोय. तो उद्या तिकडे येतोय.

तर लोकसभेला लोक कुणाला मत देणार याचा अंदाज काढायला एक मुलगी आली, रुचिरा, संगमेश्वरकडची. आपलं मत विचारायला कुणीतरी घरी आलं, म्हणून मी सदरा बदलून, घसा साफ करून ओटीवर बसलो. बघतो तर तिच्या कागदावर नाव तुझं. मतदार यादीतून चिठ्ठ्या उचलाव्यात तशी नावं काढतात म्हणे, आणि बदली माणूस चालत नाही. ज्याने जन्मात घरी भाजी कुठली करावी यावर मत दिलं नाही, त्याच्यासाठी ही पोर भर उन्हात स्कूटीवरून आलेली. मी पन्नास वर्षं मुरवलेलं मत बरणीतच राहिलं.

माणूस भेटला नाही तर तीनदा यायचं, आणि तो इथे राहतच नसेल तर नावापुढे तसं लिहून पुढच्या घरी जायचं, हा तिचा नियम. 'राहत नाही' हे मला सांगवेना, लवू. म्हटलं, गिरणीवर गेलाय, येईल एवढ्यात. ती थांबली, चार घावनं खाल्ली, माझा दुखरा गुडघा कुठला ते विचारलं. (तुझी वहिनी गेल्यापासून दोघांचं पीठ भिजवलं नव्हतं.) दुसऱ्या खेपेला तुला दाभोळला मासळी आणायला धाडलं, आणि खोटं उघडं पडू नये म्हणून तुझा जुना सदरा दोरीवर टाकला, चपला उंबऱ्याशी मांडल्या. सदरा बघून शेजारच्या सखूने विचारलं, "आप्पा, लवू आला काय?" मी हो म्हटलं. तिने दोघांपुरतं बांगड्याचं तिखलं पाठवलं. तुझा वाटाही मीच संपवला आणि ताटं दोन विसळली.

तुझा,
आप्पा

ता. क. मंगळवारी तिची शेवटची खेप. एक दिवस रजा काढून ये. मत काय हवं ते सांग, मी मध्ये बोलणार नाही. (प्रयत्न करीन.)

पुन्हा ता. क. एक लपवलं होतं. निघताना रुचिरा चपलांकडे बघून म्हणाली, "आप्पा, दादांच्या चपलेत कोळ्याने जाळं केलंय. कागदावर काय लिहायचं ते मंगळवारी बघू, घावनं करा." म्हणजे तू नाही आलास तरी तिचं काही अडत नाही. माझं अडतं. पीठ दोघांचं भिजवू की तिघांचं, तेवढं कळव.