सुंडवोगचा शेवटचा पंप

सुंडवोग, ९ सप्टेंबर

चि. हेर्मोद यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तू दोनदा फोन केलास आणि मी भलतीच उत्तरं दिली, असं यूरुन सांगत होती. शेजारच्या घरातली ती नर्स, उन्हाळ्यात तुला मासे आणून देणारी, तीच. कानांचं काही खरं नाही राहिलं रे. माणसाचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येतं. तेव्हा तू आपलं पत्रच लिहीत जा. अक्षर तुझं कोंबडीचे पाय असलं तरी वाचता येतं.

इकडची बातमी चांगली नाही. आमचा पेट्रोलपंप बंद होणार. कंपनीचा माणूस आला होता, पोरसवदा, फार सभ्य. त्यानं तुझ्या भावोजींना, आसब्योर्नला, समजावून सांगितलं, की टँकर डोंगर ओलांडून इतक्या लांब आणायचा तर गावात पेट्रोल घेणारं कोणीतरी पाहिजे. आसब्योर्ननं त्याला गावात पेट्रोलच्या गाड्या कोणाकोणाच्या उरल्यात ते सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्या नावाशी थांबला. पुढे नाव नव्हतं.

वर्कशॉप त्याच्याच मालकीचं आहे, ते चालू ठेवीन म्हणतो. पण कशावर? तुला आठवत असेल, गाडी अजून वळणावर असायची आणि हा आत बसून आवाजावरून सांगायचा, हिचं बेअरिंग गेलंय, मालकानं दुर्लक्ष केलंय. आता विजेवरच्या गाड्या दारावरून जातात त्या मांजरासारख्या. मला ऐकू येत नाही आणि त्याला ऐकायला काही नाही. संध्याकाळी आम्ही दोघं घरात असतो तेव्हा एखाद्याला वाटावं घर रिकामं आहे.

तू त्याला लिही. तुझ्याशी भांडला की त्याला भूक लागते.

डोंगरावरच्या बेरींचा मुरांबा यूरुनच्या भावाबरोबर पाठवते आहे. बरणी परत पाठव, आणि पत्र बरणीच्या आधी पाठव.

तुझी,
बोर्गहिल्डताई

ड्रामेन, २ ऑक्टोबर

आसब्योर्नभावोजींना शालकाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पंपाचं कळलं. वाईट वाटलं, खरंच वाटलं. तरी तुमचा मेव्हणा असल्यामुळे दोन शब्द टोचून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

भावोजी, तीन हिवाळे झाले. माझी विजेवरची गाडी एकदाही बंद पडलेली नाही. सकाळी मी चहा पीत असतो तेव्हा ती बाहेर आपली आपण गरम होते, काचेवरचं बर्फ वितळून खाली येतं, आणि मी बूट घालून नुसता जाऊन बसतो. तुम्ही त्याच वेळी तुमच्या लाल म्हातारीच्या पोटाखाली इंजिन गरम करायची वायर जोडत असता आणि ती खोकत असते. ताईनं मागे लिहिलं होतं, की गाडी सुरू होईपर्यंत तुमची कॉफी गोठते.

खोटं कशाला बोलू, कडाक्याच्या थंडीत माझ्या गाडीचीही खोड मोडते. उन्हाळ्यात जिथवर जाते त्याच्या निम्म्यावर जीव टाकते. ईस्टरच्या सुट्टीत चार्जिंगच्या रांगेत उभं राहून मी तुमच्या पंपाची आठवण काढली होती, हे कबूल करतो. पण रांगेतसुद्धा आत ऊब होती.

भावोजी, चेष्टा पुरे. तुम्हाला ठाऊक नाही असं यंत्र मी पाहिलेलं नाही. हेही शिकून घ्याल. शहरात त्याचे वर्ग असतात. या इकडे, वरची खोली रिकामीच आहे. मी एकटा माणूस, मलाही जेवायला सोबत होईल.

राग मानू नये, आणि मानलाच तर पत्रातून कळवावा.

आपला,
हेर्मोद

सुंडवोग, ११ नोव्हेंबर

शालकबुवा हेर्मोद यांसी आसब्योर्नचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या बहिणीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, स्वतःला ऐकू यावं म्हणून, म्हणजे गल्लीला पण कळलं. आभारी आहे.

तुमच्या चाकांवरच्या किटलीबद्दल मला काही म्हणायचं नाही. फक्त एक विचारतो. ती बंद पडली तर तुम्ही काय करता? माझी बंद पडली तर मी झाकण उघडतो, बघतो, कुठे काय अडलंय ते हाताला लागतं. तुमची बंद पडली तर तुम्ही एका नंबरावर फोन लावता आणि शेकडो मैल लांब बसलेला कोणी पोरगा सांगतो, की एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. याला गाडी म्हणायचं असेल तर म्हणा.

पंप गेल्या आठवड्यात काढून नेला. क्रेननं उचलला. खाली जमिनीत चौकोनी भोक राहिलं, त्यावर लोखंडी पत्रा टाकलाय. टाकीच्या तळाला जे उरलं होतं ते मी डब्यांत भरून शेडमध्ये ठेवलं आहे. हिवाळा निघेल. पुढे लागेल तसं डोंगरापलीकडच्या गावातून आणीन.

वर्गाचं म्हणाल तर मी या वयात बाकावर बसणार नाही. पण एक सांगतो, तुमच्या ताईला सांगू नका. यूरुनची गाडी नगरपालिकेची आहे, विजेवरची. ती परवा कोणा म्हाताऱ्याचं बँडेज बदलायला आत गेली होती तेव्हा मी तिच्या गाडीखाली पुठ्ठा टाकून शिरलो. सगळं नीट पाहिलं. हेर्मोद, तिथे काही गळत नाही. घासत नाही, सुटत नाही, जळत नाही. माझ्यासारख्याला करायला काही ठेवलेलंच नाही. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. पाठ धरली म्हणून, असं यूरुनला सांगितलं.

तुमच्या खोलीबद्दल आभार. माणसाला जिथे काम आहे तिथे त्यानं राहावं असं मला वाटत आलंय. आता ते कुठे आहे ते बघतो.

थंडी फार आहे. गळ्याला काही गुंडाळत जा, तुमचा गळा लहानपणापासून कच्चा.

आपला,
आसब्योर्न

सुंडवोग, १६ फेब्रुवारी

चि. हेर्मोद यास आशीर्वाद.

यूरुननं तुला फोनवर थोडंफार सांगितलंच आहे. बाकीचं मी लिहिते.

माझं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन डोंगरापलीकडच्या गावी आलं होतं. आसब्योर्न म्हणाला, ते आणतो आणि पेट्रोलही भरून आणतो. यूरुन जाणारच होती तिकडे, ती म्हणाली, मी आणीन. तर हा म्हणाला, माझ्या बायकोचे कान मी आणीन. शेडमधलं डब्यातलं पेट्रोल गाडीत ओतलं आणि निघाला. सकाळी आकाश स्वच्छ होतं.

डब्यांत पाणी धरलं होतं, हेर्मोद. गरम-गार होऊन आतल्या बाजूला दव साठतं म्हणे. टाकीत थोडं स्पिरिट घातलं की ते पाणी गोठत नाही. हे त्यानं साऱ्या गावाला शिकवलं, मलासुद्धा. वरच्या पठारावर पोचेपर्यंत ते पाणी नळीत गोठलं आणि गाडी बंद पडली. तेवढ्यात वादळ उतरलं. घाटरस्त्याचं खालचं फाटक बंद करून टाकलं, वर जायला कोणाला सोडेनात.

त्यानं झाकण उघडलं. काय झालंय ते त्याला लगेच कळलं असणार. हातमोजे काढून उघड्या हातांनी नळी सोडवली. त्यातलं पेट्रोल हातांवर आलं. पेट्रोल गोठत नाही रे, नुसतं गार होत जातं, आणि वाऱ्यावर उडताना कातडीतली सगळी ऊब ओढून नेतं. डॉक्टर मला कागदावर लिहून समजावत होते, तरी मला वाटत होतं, हे याला माहीत नव्हतं होय? माहीत होतं. एकदा जोडायला घेतलेलं अर्धवट टाकून त्याला गाडीत बसवलं नसतं, एवढंच.

यूरुन मागून येत होती. फाटक बंद व्हायच्या आधी वर चढलेली तीच शेवटची. तिनं त्याला गाडीच्या पुढ्यात उभा असलेला पाहिला. हातात पाना होता आणि तो सुटत नव्हता. तिनं त्याला ओढून आपल्या गाडीत घातलं. बर्फ काढणारी गाडी येईपर्यंत सगळा दिवस दोघं त्या गाडीत बसून होते. ती म्हणते, ऊब शेवटपर्यंत टिकली. तो तिला एवढंच म्हणाला, की मी स्पिरिट घालायला विसरलो. पुन्हा पुन्हा तेच.

हामरफेस्टच्या इस्पितळात आहे. उजव्या हाताचा अंगठा राहील. बोटं राहणार नाहीत. डाव्या हाताचं अजून नक्की नाही.

त्याच्या खिशात फोन होता. चालू होता, वरती आवाजही पोचतो, यूरुन तिथूनच इस्पितळाशी बोलली. मी तिला विचारलं, मग यानं कोणाला फोन का केला नाही. आता मला कळतंय. कोणाला करणार होता? चाळीस वर्षं त्या पठारावर कोणाची गाडी अडली की फोन यायचा तो आमच्याच घरी.

यंत्र आणायचं राहूनच गेलं. राहू दे.

देवाला काही सांगत असलास तर आमचंही सांग.

ताई

ड्रामेन, २४ फेब्रुवारी

ती. ताईस हेर्मोदचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी बाहेर जाऊन गाडीत बसलो. कुठे जायचं नव्हतं. नुसता बसलो. मग ती आपली आपण गरम व्हायला लागली आणि मला ते सोसेना, म्हणून उतरून घरात आलो.

मी पुढच्या आठवड्यात विमानानं येतो. भावोजींना आवडो न आवडो, त्यांच्या खाटेशी बसतो.

आता कामाचं लिहितो. तुला हामरफेस्टला पुन्हा पुन्हा जावं लागणार, आणि भावोजी आता स्टिअरिंग धरू शकणार नाहीत. दर वेळी यूरुनला मागणं बरं दिसत नाही. इथे माझ्या ओळखीचा एक जण आपली विजेवरची गाडी विकायला काढतोय. मी ती घेतली आहे, बोटीनं तुझ्याकडे पोचेल. तुझ्याकडे परवाना आहे. गेली कित्येक वर्षं तू चालवली नाहीस कारण भावोजी चालवू देत नव्हते. हिला गिअर नाही, क्लच नाही. तुला जमेल.

मला ठाऊक आहे, त्यांच्या दारात ही गाडी उभी करणं म्हणजे काय ते. पण दुसरं काही सुचत नाही. त्यांनी मला हव्या तेवढ्या शिव्या द्याव्यात. मी त्यासाठीच येतो आहे असं त्यांना सांग.

स्वतः काहीतरी गरम खात जा. उकडलेल्या बटाट्यावर दिवस काढते आहेस, यूरुननं कळवलंय.

तुझा,
हेर्मोद

सुंडवोग, ५ मे

चि. हेर्मोद यास अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून लिहायचं राहिलं. लाल गाडी भंगारवाल्यानं नेली. पठारावर ती बर्फाखाली होती, एप्रिलमध्ये वर आली. झाकण तसंच उघडं. वर्कशॉप यूरुनच्या भावानं घेतलं, बोटींचं सामान ठेवायला. हत्यारांची भिंत आहे तशी ठेवू का, असं त्यानं आसब्योर्नला विचारलं. आसब्योर्न म्हणाला, तुला जागा लागेल.

डाव्या हाताची दोन बोटं वाचली. चमचा धरता येतो. लिहिता येत नाही, त्यामुळे त्याच्या पत्राची वाट पाहू नकोस.

मी गाडी शिकले. पहिले काही दिवस यूरुन शेजारी बसायची. गंमत म्हणजे ही गाडी बहिऱ्या बाईला बरी आहे. आवाज कोणालाच येत नाही, म्हणून जे सांगायचं ते सगळं समोरच्या पडद्यावर दिसतं. हे मी जेवताना आसब्योर्नला सांगितलं. वाटलं, आता काहीतरी बोलेल. त्यानं मीठ मागितलं.

परवा पहिल्यांदा त्याला घेऊन मी एकटी हामरफेस्टला गेले. आतापर्यंत तो तुझ्या त्या गाडीत बसतच नव्हता. इस्पितळाची माणसं न्यायला यायची. परवा ती येऊ शकली नाहीत. मी दार उघडून उभी राहिले. तो आला आणि निमूटपणे बसला. मला पट्टाही लावू दिला. मी म्हटलं, तुझ्या जागेवर मी बसतेय, रागावू नकोस. तो म्हणाला, नाही रागावत.

पठारावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. जिथे ते झालं तिथे मी वेग कमी केला. थांबू का, असं विचारलं. त्यानं मान हलवली, नको. गाडी चढ चढत होती. मी किती वेळ तरी रस्त्याकडेच बघत होते. मग त्यानं माझ्या खांद्याला तो दोन बोटांचा हात लावला, मी त्याच्याकडे बघावं म्हणून. तोंड माझ्याकडे वळवून, मला ओठांवरून कळेल असं, सावकाश म्हणाला, गाडी चांगली आहे.

एवढंच. परत येताना काही नाही. त्या दिवसापासून घरातही काही नाही. खायला घातलं तर खातो, खिडकीपाशी बसवलं तर बसतो.

हेर्मोद, तू त्याला ओळखतोस. त्या गाडीला तो किटली म्हणाला असता, तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, तर मी हे पत्र हसत लिहिलं असतं. यूरुनला वाटतं, तो सावरतोय. डॉक्टरांनाही तसंच वाटतं. मी कोणाला काही सांगत नाही.

गाडी खरंच चांगली आहे. कुठेही अडत नाही. उपकार विसरणार नाही.

तू येशील तेव्हा ये, आणि आलास तर त्याच्याशी जरा भांडून बघ.

तुझी,
बोर्गहिल्डताई